लूनाची जागा

आमची सोसायटी आणि माईंचा बंगला यांच्यात एकच भिंत, जेमतेम छातीएवढी. त्यांच्या बाजूने मधुमालती चढलेली, आमच्या बाजूने शेवाळ आणि एक कढीपत्ता. कोथरूडच्या या गल्लीत सकाळी नऊच्या सुमाराला मी कढीपत्ता तोडायला गेले की माई फुलं काढायला येतात. रोज इतका कढीपत्ता घालायला आमच्याकडे काही खानावळ नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे.

त्या दिवशी त्यांची परडी जरा मोठी होती. लोकमान्यांची पुण्यतिथी. अण्णा फोटोला हार स्वतः ओवतात, त्यात दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. ते व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर सुई-दोरा घेऊन बसले होते. झोपाळ्याची कडी करकरत होती, म्हणजे सगळं ऐकत होते.

"काय गं, काल रात्री तुमच्याकडे कसला गोंधळ? हे म्हणाले, भजन असेल. मी म्हटलं, भजनात कुणी कुणाला कोर्टात खेचीन म्हणत नाही."

"सभा होती, माई. पार्किंगच्या चिठ्ठ्या."

"अगोबाई! मग मला हाक नाही का मारायची? भिंतीशी खुर्ची टाकून बसले असते."

खरंच बसल्या असत्या. तर त्यांचं नुकसान भरून काढणं मला भाग होतं.

आमची इमारत १९८६ची. घरं बारा. खाली स्टिल्टमध्ये पाच गाड्यांची जागा, बाजूच्या फरशीवर आणखी दोन. इमारत झाली तेव्हा सगळ्यांत मिळून एक गाडी होती, डॉक्टरांची फियाट. बाकी स्कूटरी आणि सायकली. पाच जागांचं करायचं काय म्हणून पोरं तिथे पावसाळ्यात क्रिकेट खेळायची आणि आमच्या सासूबाई कुरडया वाळत घालायच्या. आज गाड्या अकरा आहेत. बाराव्या घरात आजी राहतात. त्यांच्याकडे गाडी नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

"त्या वेळी नकाशा मंजुरीला आला की सायकली किती बसतात ते आम्ही आधी बघायचो," झोपाळ्यावरून आवाज आला. अण्णा महापालिकेत बांधकाम परवानगी खात्यात तेहतीस वर्षं होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण नियमावली अजून उशाशी असते. माई म्हणतात, भगवद्गीता कपाटात आहे.

"तुम्ही हार करा," माई म्हणाल्या. "हं, पुढे?"

पुढे असं झालं, की यंदा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. मागच्या वर्षी पिशवीत टाकल्या होत्या, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या गाडीवाल्यांनी पिशवी उलटी करून तपासली होती. चिठ्ठ्या काढायला लहान मूल हवं. सोसायटीत सध्या लहान मूल एकच, ते नेमकं सेक्रेटरींची नात. तिने पहिली चिठ्ठी काढली आणि नाव निघालं आजोबांचं. तिला बिचारीला वाचताही येत नाही, तिने आपली टाळ्या वाजवल्या. झालं. मोठ्या गाडीवाले उठले. "पोरीच्या मुठीत आधीच चिठ्ठी होती." सेक्रेटरी म्हणाले, "माझ्या नातीवर आरोप?" ती रडायला लागली, तिची आई धावली, आणि कोर्टात खेचण्याचं ते वाक्य तुम्ही ऐकलंत ते तेव्हाचं.

"आणि तुमचं?"

"खांब."

माईंनी फुलं तोडायची थांबवली. खांबाची जागा म्हणजे काय ते त्यांनी भिंतीवरून तीन वर्षं पाहिलेलं आहे. तीन नंबरच्या जागेत उजव्या अंगाला इमारतीचा खांब येतो. गाडी आत जाते, पण ज्या बाजूने उतरायचं त्या बाजूचं दार उघडत नाही. आमचे हे मग गिअरवरून पाय टाकून शेजारच्या सीटवर सरकतात आणि त्या दाराने बाहेर येतात. बासष्टाव्या वर्षी. एकदा हॉर्नवर बसले, तर गल्लीतली माणसं गॅलरीत आली.

"हे आता चालत नाही," अण्णा म्हणाले. "महारेराने २०२४ साली सांगितलंय, नव्या बांधकामात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, सगळं करारात लिहायचं. खांब, तुळई मध्ये येते, दार उघडत नाही, अशा तक्रारी फार यायला लागल्या."

"नव्या बांधकामात ना? आमच्या खांबाचं वय चाळीस आहे अण्णा."

"मग नशीब."

आता आजींचं. आजी पहिल्या मजल्यावर एकट्या असतात. आजोबा गेले त्याला बारा वर्षं झाली. घर घेताना आजोबांनी बिल्डरला वेगळे बारा हजार रुपये मोजून स्टिल्टमधली एक नंबरची जागा घेतली होती. स्टॅम्पपेपर आहे, त्यावर 'गॅरेज' असा शब्दही आहे. एक दिवस गाडी घ्यायची असं त्यांचं होतं. ती घेतली नाही. त्या जागेत त्यांची लूना उभी राहिली, ती अजून आहे. निळं प्लास्टिक गुंडाळून, वर सुतळी, खाली दोन विटा. लूना पुण्याचीच, १९७२ साली आलेली. आमच्या पिढीतल्या निम्म्या जणांनी शाळेला उशीर झाल्यावर वडिलांच्या मागे बसून तिला पायडल मारलेलं आहे. आजोबांची ८४ सालची. तिचं आरसी बुक १९९९लाच संपलं.

आणि जागा कुठली, तर दारातली. खांब नाही, गळती नाही, रिव्हर्स घ्यायला नको.

"म्हणूनच आजींकडे पुरणपोळ्या जातात," माई म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली. गेल्या वर्षभरात आजींना आलेली पुरणपोळी, उकडीचे मोदक, नागपूरची संत्री, एका घरातून गुडघ्याला लावायचं तेल आणि दुसऱ्या घरातून ते तेल चोळून द्यायला सून, हे सगळं मी जिन्यात पाहिलेलं आहे. मोठ्या गाडीवाल्यांनी तर त्यांना मतदानाला गाडीतून नेलं. केंद्र समोरच्या शाळेत. आजी चालत परत आल्या, त्या आधी पोचल्या.

काल सभेत सेक्रेटरींनी विषय काढला. एक नंबरची जागा चिठ्ठीत घ्यावी. आजींनी पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, या कागदाला आता अर्थ नाही." आणि इतकी शांतता झाली माई, की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. चुकीचं होतं का हो ते? म्हातारीला असं सगळ्यांसमोर...

झोपाळा थांबला. अण्णा स्वतः उठून भिंतीपाशी आले, हार हातात तसाच. असं वर्षातून एकदा-दोनदा होतं.

"सेक्रेटरी बोलले वाईट, पण खोटं नाही बोलले. दहिसरची पांचाली सोसायटी. बिल्डर म्हणत होता, स्टिल्टमधल्या जागा माझ्या, मी बाहेरच्याला विकीन. सोसायटी सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. ३१ ऑगस्ट २०१०ला निकाल लागला. स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे. नुसती खांबांवरची मोकळी जागा, ती सगळ्यांच्या सामाईकात येते. फ्लॅटसारखी ती वेगळी विकता येत नाही. १९६३चा मोफा कायदा, त्याचा अर्थ कोर्टाने लावला. तुमच्या आजोबांना बिल्डरने जे विकलं ते त्याचं नव्हतंच."

"म्हणजे बारा हजार गेले?"

"सत्तावीस वर्षांपूर्वीच गेले होते. परत मागायला आता ना तो बिल्डर आहे, ना आजोबा."

"छत्तीस वर्षं," माई म्हणाल्या. "२०१०मधून ८६ वजा करा. नियम येतात, वजाबाकी येत नाही."

"चोवीस," मी म्हटलं. दोघांनाही येत नव्हती.

अण्णांनी विषय बदलला. सोसायट्यांचे आदर्श उपविधी काय म्हणतात ते सांगितलं. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या, त्याही दरवर्षी. एका सभासदाला साधारण एकच जागा. सगळ्यांना पुरून उरली तर दुसरी. मिळालेली जागा विकता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही. आणि जागा मागायची तर वाहन हवं.

हे शेवटचं आजींना माहीत होतं. कारण सेक्रेटरी बोलून बसल्यावर त्या काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे वाहन आहे. लूना हे वाहन नाही असं ठरावात लिहून घ्या, सगळ्यांनी सह्या करा, मग मी उठवते." कुणी सही करेना. निम्मे जण त्याच लूनावरून तिच्या मालकाच्या मागे बसून बँकेत गेलेले. ठराव तहकूब.

"वा गं बाई," माई म्हणाल्या, आणि परडीतलं एक जास्वंद माझ्या हातात दिलं, आजींना दे म्हणून.

तसं बघितलं तर खरा मार ज्यांनी खाल्ला ते सभेला नव्हतेच. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू, नवरा-बायको, दोघंही हिंजवडीला. मालक अमेरिकेत. आमच्या सोसायटीचा अलिखित नियम, भाडेकरूला पार्किंग नाही. मालक म्हणतो, मी मेंटेनन्स पूर्ण भरतो, माझी पाळी भाडेकरूला द्या. सोसायटी म्हणते, आम्हाला पुरत नाही, तुमच्या भाडेकरूला कुठून? मग त्या मुलाची गाडी गल्लीत. आणि गल्लीत पी-१, पी-२च्या पाट्या. विषम तारखेला आमच्या बाजूला लावायची, सम तारखेला समोरच्या.

तो मुलगा रोज रात्री बाराला चप्पल अडकवून खाली यायचा आणि गाडी या कडेची त्या कडेला न्यायचा. मला एकदा म्हणाला, "काकू, मला ३१ दिवसांचे महिने आवडतात. एकतीसही विषम, एकही विषम. त्या रात्री झोपायला मिळतं." मी हसले. पण नंतर वाटलं, हा मुलगा सत्तावीस हजार भाडं भरून रात्री झोपण्यासाठी कॅलेंडर बघतो.

"मग गेले ना ते?"

"गेले. आधी कुणीतरी किल्लीने दाराला ओरखडा काढला. मग बायकोला दिवस राहिले, रात्री-अपरात्री गाडी लागली तर कुठे शोधत बसायचं. बावधनला गेले, तिकडे पार्किंगसकट. तीन महिने घर रिकामं आहे. दलाल सांगतो, लोक स्वयंपाकघर नंतर बघतात, आधी विचारतात गाडी कुठे लावायची. मालकाने तीन हजार कमी केले, तरी कुणी नाही."

"आमच्या भाच्याच्या लग्नात तर मुलीकडच्यांनी विचारलं," माई भिंतीवर वाकल्या, आवाज खाली आला. "टू बीएचके आहे हे कळलं, कव्हर्ड आहे का? आमची वहिनी म्हणाली, हो हो, छत आहे की. तिला वाटलं घराचं विचारतायत."

या गल्लीत रस्त्यावर जागा धरायचे काय काय प्रकार आहेत, ते सांगायला वेगळा दिवस लागेल. तुटकी कुंडी, सिमेंट भरलेला तेलाचा डबा, टायर, देवाचा फोटो लावलेली फरशी. 'गेटसमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी तर जुनी झाली. आता एकाने 'येथे लावलेल्या वाहनाचे जे होईल त्याला लावणारा जबाबदार' असं लिहिलंय. काय होईल ते लिहिलेलं नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. आणि माईंच्या फाटकाबाहेर दोन मोठे धोंडे आहेत, चुना लावलेले.

"अण्णा, रस्ता महापालिकेचा ना?" मी मुद्दाम विचारलं.

"मी महापालिकेत तेहतीस वर्षं होतो. दोन धोंड्यांइतका माझा आहे."

माईंनी डोळ्यांनी मला त्यांच्या गॅरेजकडे बघ म्हणून खुणावलं. बंगल्याला गॅरेज आहे. नकाशात आहे, मंजूर आहे, कदाचित अण्णांच्याच सहीने. पण त्याचं शटर काढून भिंत घातली आहे, खिडकी आहे, खिडकीत तीन टॉवेल वाळत आहेत. स्पर्धा परीक्षेची तीन मुलं तिथे राहतात, परभणी, बीड आणि एक कराडकडचा. पुण्याच्या कुठल्याही जुन्या भागात फिरा, दर दोन बंगल्यांआड एका गॅरेजात कुणीतरी राहतं किंवा कुणीतरी झेरॉक्स काढतं. गाडी मग रस्त्यावर. अण्णांची पांढरी वॅगन-आर कुंभाराच्या गाढवासारखी रोज या कडेची त्या कडेला जाते.

"मुलं चांगली आहेत हो," माई म्हणाल्या. "गाडीने कधी मला दूध आणून दिलं असतं का?"

यावर नियमावलीतून काही उत्तर आलं नाही.

उलट अण्णा २०१८वर गेले. अडचणीत आले की ते इतिहासात जातात. त्या वर्षी मार्चमध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण आणलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे, रात्रीचेसुद्धा, असा मूळ प्रस्ताव. शहर पेटलं. सगळे पक्ष एका सुरात ओरडले, जे एरवी लोकमान्यांच्या जयंतीलाही होत नाही. रात्रीचे पैसे गेले, मग धोरण पाच रस्त्यांपुरतं उरलं, आणि तेही वर्षानुवर्षं कागदावर. "आणि त्याच वर्षी आरटीओचे आकडे आले," अण्णा म्हणाले. "पुण्यात गाड्या ३६ लाखांवर, माणसं ३५ लाख."

"म्हणजे पाळण्यातल्या बाळालाही एक," माई म्हणाल्या.

"पाळण्यातल्याला दोन. मला एकही नाही," हा आवाज वरून आला. आजी गॅलरीत केस वाळवत उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. मी जास्वंद दाखवलं, त्यांनी टोपली सोडली. दोरीला बांधलेली टोपली, भाजीवाल्यासाठी असते ती. फूल वर गेलं.

"आजी, रिडेव्हलपमेंटचं सांगू का यांना?"

"सांग की. चोरी आहे का?"

तर मुख्य बातमी ही. आमची इमारत पडणार. बिल्डरने काल नकाशे भिंतीवर चिकटवले. बाराच्या जागी सव्वीस घरं. प्लॉट आमचा एवढासा. खालचे दोन मजले संपूर्ण गाड्यांचे, त्यातही एकावर एक गाडी ठेवायचे लोखंडी पाळणे. माणसं तिसऱ्यापासून. आणि गाड्यांना वर चढायला उतार हवा, तो या बाजूने, म्हणजे ही भिंत, हा कढीपत्ता, हे शेवाळ सगळं जाणार. नव्या भिंतीची उंची आठ फूट.

माईंचा हात मधुमालतीवर होता, तो तसाच राहिला. "मग बोलायचं कुठून?"

"व्हॉट्सॲपवर," अण्णा म्हणाले. दोघींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

प्रत्येक जुन्या सभासदाला एक जागा फुकट. दुसरी हवी तर सहा लाख. 'पार्किंग' असं लिहायचं नाही, पावतीवर काहीतरी भलतंच नाव. अण्णा लगेच म्हणाले, की रेरात उघडी जागा विकायला परवानगीच नाही, झाकलेली विकता येते पण करारात लिहून, नाव बदलून नाही. मी म्हटलं, हे तुम्ही सेक्रेटरींना सांगा. ते म्हणाले, तुमची सोसायटी आहे. शेजारधर्म भिंतीच्या उंचीइतकाच असतो.

मग आजींनी काल काय केलं ते ऐका. चष्मा लावून नकाशापाशी गेल्या. आपलं घर शोधलं. मग खाली बोट नेलं आणि विचारलं, "हा चौकोन माझा?" बिल्डरचा पोरगा नम्र होता, म्हणाला, "हो आजी, तुमचं पार्किंग." "केवढा आहे?" "अडीच मीटर बाय पाच." "फुटात सांग." त्याने फोनवर गुणाकार केला. "एकशे पस्तीस चौरस फूट." आजी म्हणाल्या, "माझं आत्ताचं स्वयंपाकघर आठ बाय नऊ आहे. म्हणजे बहात्तर. मला गाडी नाही, घ्यायची नाही, आता कोण शिकवणार? हा चौकोन वर आणून माझ्या घराला जोड. मी नातीला एक खोली देईन, ती कॉलेजला येणार आहे."

सगळे हसले. तो पोरगा नाही हसला. म्हणाला, "आजी, गाडीची जागा एफएसआयमध्ये मोजत नाहीत. ती घराला जोडली की मोजावी लागेल. नियम आहे."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. ते आता नुसते नियम सांगत नव्हते, स्वतःशी काहीतरी हिशेब करत होते. "डिसेंबर २०२०ची नियमावली, मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला आहे. घर केवढं यावर गाड्या किती ते ठरतं. दीडशे चौरस मीटरच्या वर दोन गाड्या. ऐंशीच्या वर एक. त्याहून लहान असेल तर दोन घरांत मिळून एक. स्कूटरी वेगळ्या. घरात कोण राहतं, त्याला गाडी चालवता येते का, हे कुणी विचारत नाही. आणि ते अडीच बाय पाच नुसते गाडी उभी राहायचे. वळायला, आत-बाहेर करायला तेवढीच जागा पुन्हा लागते."

"एफएसआयमध्ये नाही म्हणजे फुकट ना मग?" माईंनी विचारलं.

"सिमेंट फुकट आहे का? लोखंड? ते पाळणे, त्यांची मोटर, तिचा दुरुस्तीचा करार? दोन मजल्यांचा खर्च वरच्या नव्या चौदा घरांच्या किमतीत घातलेला आहे. जो घेईल तो भरणार, गाडी असो नसो. आम्ही हा नियम लिहिताना..." ते थांबले. "म्हणजे आमच्या वेळचा. आम्हाला वाटायचं, जागा कमी सांगितली की लोक रस्त्यावर लावतील. म्हणून जास्त सांगा."

"आणि जास्त सांगितल्यावर लोकांनी काय केलं?" माई म्हणाल्या. "तिथे परभणीचा मुलगा ठेवला."

त्या लोखंडी पाळण्यांबद्दल मला वेगळं बोलायचं होतं. माझी नणंद बाणेरला असल्याच इमारतीत राहते. तिची गाडी वर, खालच्या पाळण्यात सहाव्या मजल्यावरच्यांची. हिला निघायचं तर त्यांनी आधी गाडी काढायला हवी. पहिल्या वर्षी किल्ल्या एकमेकांकडे ठेवल्या. मग एकदा त्यांच्या गाडीत हिच्या मुलाने चिवडा सांडला. आता वॉचमनमार्फत बोलतात. वीज गेली, जनरेटर अडला, की वरची गाडी नारळासारखी वर. मोठ्या गाड्या तर उंचीतच बसत नाहीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्यांना हे काल कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बावीस लाखांची गाडी, आणि पाळण्यात मावत नाही.

मुंबईची तऱ्हा आणखी वेगळी. माईंची धाकटी बहीण तिकडे. तिच्या मुलाला २०१९मध्ये गाडी चुकीची लावली म्हणून दहा हजारांची पावती आली होती. सार्वजनिक वाहनतळापासून अर्ध्या किलोमीटरात लावली की तो दर होता. तेव्हापासून तो गाडीचं नाव काढलं की पाणी पितो. आणि २०२५च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी जाहीर केलं, की पार्किंग असल्याचा दाखला नसेल तर नवी गाडी नोंदवायची नाही. माई म्हणाल्या, चांगलंच आहे. मी म्हटलं, दाखला देणार कोण? आमचे सेक्रेटरी? मग पुरणपोळ्या तिकडे जातील.

आमचा धाकटा जपानमध्ये आहे. पुण्यात जपानी शिकलेली निम्मी पोरं तिकडेच असतात. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, इथे हे १९६२पासून आहे. गाडी घ्यायची तर घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवायची. पोलीस ठाण्यातून दाखला आणायचा. माणूस येऊन जागा बघून जातो." मी विचारलं, मग तू कुठे लावतोस? म्हणाला, "मी कशाला घेऊ? जागेचं भाडं बघितलंस तर चक्कर येईल. स्टेशन सहा मिनिटांवर आहे." आणि माझ्या मनात आलं, की आमच्या आजींसारखाच आहे की हा. फक्त त्याच्या घराच्या किमतीत कुणी गाडीचा चौकोन घातलेला नाही.

"आपल्याकडे स्टेशन सहा मिनिटांवर नाही ना," माई म्हणाल्या. खरं आहे. त्या पायाने अधू, डॉक्टरकडे जायला रिक्षा येत नाही, म्हणून तर वॅगन-आर.

"आजी," मी वर बघून विचारलं, "मग तुम्ही संमती देणार का?"

आजी केसांचा बुचडा बांधत होत्या. "देईन. पण त्या चौकोनात लूना राहील. खाली विटा, वर प्लास्टिक. तसं करारात लिहा म्हणून सांगितलंय. लांबी, रुंदी, उंची, लूना."

अण्णा काही बोलणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. टोइंगची गाडी. कर्ण्यातून नंबर पुकारत होते, पहिला ऐकू आला नाही, दुसरा आला. पांढरी वॅगन-आर.

"माझी?" अण्णा म्हणाले. "शक्य नाही. काल रात्री बारा वाजता मी स्वतः समोरच्या बाजूला नेली. रोज नेतो."

"अहो," माई शांतपणे म्हणाल्या, "काल किती तारीख होती?"

"एकतीस."

"आणि लोकमान्य कोणत्या तारखेला गेले?"

झोपाळ्याची कडी केव्हाच थांबली होती, आता अण्णाही थांबले. मग हार हातात तसाच घेऊन ते फाटकाकडे धावले. धोंड्याला ठेचकाळले. स्वतःच्याच.

"अण्णा, लूना हवी का?" आजींनी टोपली खाली सोडली होती. तळाशी किल्ली होती.